नाशिकच्या घरासाठी खिडकीची काच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम निघालं की टाइल्सवर महिनाभर चर्चा होते, किचनच्या ओट्यासाठी चार दुकानं पालथी घातली जातात. खिडकीची वेळ आली की मात्र "पाच एमएम टाका" एवढ्यावर विषय मिटतो. मग पहिल्या एप्रिलमध्ये बेडरूम तापते आणि काचेची चौकशी सुरू होते. घर बांधणारे, फ्लॅट घेणारे आणि जुनी खिडकी बदलणारे लोक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

नाशिकला ऊन अडवणाऱ्या खास काचेची गरज आहे का? आपली हवा तर चांगली.

हवा चांगली आहेच, आणि म्हणून सगळ्या घराला महागडी काच लावायची गरजही नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहोत. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असल्याने रात्री बराच खाली येतो. मुंबईकराला हे सुख नाही, तिथे मध्यरात्रीही घाम सुटतो. म्हणजे आपल्याला त्रास होतो तो हवेपेक्षा उन्हाचा. दुपारचं ऊन काचेतून आत शिरतं, फरशी, गादी, भिंत तापवतं, आणि बाहेर गार वारा सुटला तरी खोली रात्री दहापर्यंत उबदार राहते. दुपारी ऊन अडवायचं आणि रात्री वारा आत घ्यायचा, ही दोन कामं जमली की नाशिकच्या खिडकीचं भागलं.

आधी कुठल्या खिडकीवर पैसे घालावेत?

पश्चिमेच्या. बजेट एका खिडकीपुरतंच असेल तरीही पश्चिमेच्याच.

आपली पंचाईत अशी की शहराचा देखावाही तिकडेच आहे. गंगापूर रोडच्या वरच्या मजल्यांवरून अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या बाजूचे डोंगर दिसतात म्हणून बिल्डर तिकडे भिंतभर खिडक्या देतो, गिऱ्हाईकही खूश होतं. फ्लॅट बघायला लोक जातात सकाळी अकराला. संध्याकाळी साडेचारला गेले तर निम्मे जण पुन्हा विचार करतील.

पश्चिमेला छज्जा फारसा कामाचा नाही, याचं कारण सूर्याची उंची. नाशिकला सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळात साधारण साडेबारा-पाऊणला. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारला तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर उतरलेला असतो आणि जवळजवळ बरोबर पश्चिमेला असतो. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी खाली फक्त सव्वा फूट सावली टाकतो. साडेपाचला ती सावली आठ इंचांवर येते. चार फुटांच्या खिडकीत उरलेलं सगळं ऊन थेट पलंगावर. तिथे काच तरी ऊन रोखणारी हवी, नाहीतर काचेच्या बाहेर काहीतरी आडोसा हवा.

मग दक्षिणेच्या, पूर्वेच्या, उत्तरेच्या खिडक्या?

दक्षिणेबद्दल लोकांना उगाच भीती असते, त्यातली थोडी वास्तुशास्त्राची आणि थोडी उन्हाळ्याची. प्रत्यक्षात आपल्याकडे दक्षिणेची खिडकी सांभाळायला सर्वांत सोपी. नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या विशीत भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर थोडा उत्तरेला सरकतो, त्यामुळे दोन फुटांच्या छज्जाखाली दक्षिणेची काच पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात तोच सूर्य भरदुपारी साडेशेचाळीस अंशांपर्यंतच चढतो आणि ऊन निम्म्या खिडकीतून आत येतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात तेव्हा हे ऊन हवंहवंसं वाटतं. म्हणून छज्जा असेल तर दक्षिणेला साधी पारदर्शक काच ठेवा.

पूर्वेला सकाळचं ऊन, तेही तिरपंच. पण तेव्हा हवा गार असते आणि एसी बंद असतो. पडदा पुरतो. उत्तरेला साधी काच.

ब्रोशरमध्ये खूप आकडे असतात. नेमकं काय बघायचं?

तीन आकडे. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा आत येतो. हा शून्य ते एकच्या दरम्यान असतो आणि जितका कमी तितका आपल्या फायद्याचा. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना काचेच्या चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता वाहते. व्हीएलटी म्हणजे उजेड किती टक्के येतो.

साध्या ५ एमएम काचेचा एसएचजीसी ०.८२ च्या आसपास, यू-व्हॅल्यू ५.७ आणि व्हीएलटी जवळजवळ ८९ टक्के असतो. दुकानदार काहीही म्हणो, तुलना या आकड्यांशी करायची.

काही कंपन्या एसएचजीसीऐवजी शेडिंग कोइफिशंट छापतात. त्याला ०.८७ ने गुणलं की एसएचजीसी मिळतो. "सोलर फॅक्टर" असं लिहिलेलं असेल तर तो व्यवहारात एसएचजीसीच. आणि "९९ टक्के आयआर (इन्फ्रारेड) ब्लॉक" या जाहिरातीवर भाळू नका. उन्हाच्या उष्णतेत जवळजवळ निम्मा वाटा दृश्य उजेडाचा असतो, आणि ते ९९ टक्के बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यातच मोजलेले असतात. एकूण सौर उष्णता किती अडते ते विचारा. तो आकडा मिळाला नाही तर पुढच्या दुकानात जा.

एसएचजीसी महत्त्वाचा की यू-व्हॅल्यू?

नाशिकला एसएचजीसी, आणि तोही बऱ्याच फरकाने. हिशोबच करून बघू.

बेडरूमची पश्चिमेची खिडकी सहा फूट बाय चार फूट धरा, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. कडक उन्हात पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट उष्णता पडते असं धरू, हा आकडा जरा कमीच धरलाय. एकूण झाले १,३५० वॅट. साध्या काचेतून त्यातले ११०० वॅट खोलीत येतात. भर उन्हाळ्यात अकराशे वॅटचा हीटर लावून बसल्यासारखंच आहे हे. एसएचजीसी ०.३० असलेल्या काचेतून येतात ४०० वॅट. वाचले ७०० वॅट. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढणारं यंत्र, तेव्हा त्याची पाचवा हिस्सा ताकद या एका खिडकीने मोकळी केली.

आता यू-व्हॅल्यू घ्या. बाहेर ४० अंश, आत २६, फरक १४ अंशांचा. साध्या काचेतून १८० वॅट वाहतात, दुहेरी काचेतून साधारण ९०. वाचले नव्वद.

एकीकडे ७०० आणि दुसरीकडे ९०. युरोपात थंडी सात-आठ महिने असते, खोली गरम ठेवायची असते, म्हणून तिथले लोक यू-व्हॅल्यूच्या मागे असतात. त्यांची ब्रोशरं आपल्याकडे जशीच्या तशी येतात आणि आपण दुहेरी काच म्हणजे गार घर असं समजून बसतो.

म्हणजे दुहेरी काच घेऊ नये?

घ्या, पण कशासाठी घेतोय हे माहीत असू द्या. दोन साध्या पारदर्शक काचा आणि मध्ये १२ एमएम हवेची पोकळी असलेल्या युनिटचा एसएचजीसी ०.७ च्या जवळपास असतो. वरच्या हिशोबातल्याच खिडकीतून मग साडेनऊशे वॅट ऊन आत येणार. जवळजवळ दुप्पट काच, दुप्पट वजन, आणि ऊन अडलं थोडंसंच. दुहेरी काच घ्यायची तर बाहेरची काच सोलर कंट्रोल लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली हवी. तसं केलं तर एसएचजीसी ०.३ च्या आत-बाहेर आणि यू-व्हॅल्यू १.७ च्या आसपास, दोन्ही पदरात पडतात.

दुहेरी काचेचा दुसरा उपयोग आवाजासाठी. द्वारका, मुंबई नाका, महामार्गाच्या उड्डाणपुलाला लागून असलेल्या इमारती, नाशिकरोडला रेल्वेच्या बाजूची घरं, यांनी ती जरूर विचारात घ्यावी. तिथे दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका. सारख्या जाडीच्या काचा एकाच स्वराला एकत्र थरथरतात आणि तो आवाज आत येतो. एक ६ एमएम आणि एक लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून चिकटवलेली), अशी जोडी बरी पडते. आणि पल्ल्याच्या कडेला फट असेल तर कसलीही काच लावा, आवाज फटीतूनच येणार. मिरवणुकीतल्या नाशिक ढोलावर मात्र इलाज नाही, तो छातीत वाजतो.

वीजबिलात किती फरक पडेल?

विक्रेते या प्रश्नावर मोठे आकडे फेकतात. वरचाच हिशोब पुढे नेऊ. ऊन कमी-जास्त होत असतं, म्हणून चार तासांची सरासरी बचत ५०० वॅट धरली तर दिवसाला २ युनिट उष्णता अडली. एसी एक युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे वीज वाचली ०.६ युनिटच्या आसपास. युनिटला १२ रुपये धरा: रोजचे सात रुपये. उन्हाळ्याचे ९० दिवस धरले तर एका खिडकीमागे सव्वासहाशे-साडेसहाशे रुपये. साध्या काचेपेक्षा समजा चौरस फुटाला शंभर रुपये जास्त मोजले, तर चोवीस फुटांचे २,४०० रुपये वसूल व्हायला चार वर्षं लागतील. हा हिशोब दुपारी एसी चालणाऱ्या घराचा. दिवसभर घर बंद आणि एसी फक्त रात्री, अशा घरात बचत आणखी कमी.

मग लोक का लावतात? कारण पंखा लावून संध्याकाळी पाचला त्या खोलीत बसता येतं. घरून काम करणारे, दुपारी झोपणारे आजी-आजोबा, दहावीचा अभ्यास करणारी मुलं यांना तो फरक बिलाच्या कागदापेक्षा जास्त कळतो. नवीन घरात दीड टनाऐवजी एक टनाचा एसी पुरला तर तिथेही पैसे वाचतात.

काळी, ब्राऊन किंवा मर्क्युरी काच लावली तर?

काळी आणि ब्राऊन काच ऊन परतवत नाही, शोषून घेते. शोषलेली उष्णता काही बाहेर जाते, काही आत येते. दुपारी चारला अशा काचेला आतून तळहात लावून बघा, पटकन काढून घ्याल. ६ एमएम ब्राऊन काचेचा एसएचजीसी ०.६ च्या आसपास असतो. साध्यापेक्षा बरा, पण उजेडही निम्मा होतो आणि दुपारी दिवा लावावा लागतो. म्हणजे एका हाताने वाचवलं, दुसऱ्या हाताने घालवलं.

मर्क्युरी म्हणून जी आरशासारखी काच मिळते ती उष्णता बऱ्यापैकी परतवते. ती घेताना लोकांच्या डोक्यात खासगीपणाही असतो. तो मिळतो फक्त दिवसा. आरसा उजेडाच्या बाजूला दिसतो. रात्री उजेड आत आणि अंधार बाहेर, मग समोरच्या इमारतीला तुमचा हॉल टीव्हीसारखा दिसणार. पडदे लागतातच.

लो-ई काच म्हणजे नक्की काय? दुकानदाराने तीच दिली हे कसं ओळखायचं?

काचेवर चांदीसारख्या धातूचा अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारा थर दिलेला असतो. तो उजेड बराचसा येऊ देतो आणि उष्णतेचे किरण परतवतो. थर दोन जातींचे. हार्ड कोट काच बनतानाच भाजून बसवलेला असतो, टिकाऊ असतो आणि एकेरी काचेतही चालतो. सॉफ्ट कोट जास्त गुणी, पण बहुतेक प्रकारांत नाजूक. त्याला हवेचा ओलावा सोसत नाही, म्हणून तो दुहेरी काचेच्या पोकळीत बंद करावा लागतो.

थर कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व आहे. काचेच्या पृष्ठभागांना बाहेरून आत नंबर देतात: रस्त्याकडचा एक, त्याच काचेची मागची बाजू दोन, आतल्या काचेची पोकळीकडची बाजू तीन, खोलीकडची चार. आपल्या हवेत थर दोन नंबरवर हवा. युनिट उलटं बसवलं की थर तीनवर जातो, मग बाहेरची काच ऊन आत सोडते आणि उष्णता पोकळीत येऊन पोहोचते. दिसायला दोन्ही अगदी सारखंच, त्यामुळे बसवणाऱ्यालाही कळत नाही.

तपासायची युक्ती साधी आहे. संध्याकाळी दिवे मालवून खोलीत उभे राहा आणि लायटरची ज्योत किंवा मोबाइलचा बारीक दिवा काचेजवळ तिरपा धरा. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतील, दोन-दोनच्या जोडीने. त्यातलं एक इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचं, गुलाबी किंवा हिरवट दिसेल. थर तिथे आहे. तुम्ही आतून बघत असाल तर तुमच्यापासून तिसरं प्रतिबिंब वेगळं दिसायला हवं. चारही एकाच रंगाची असतील तर लो-ई म्हणून साधीच काच लावून गेले आहेत. ही तपासणी शेवटचा हप्ता देण्याआधी करा.

खिडक्या आधीच बसवलेल्या आहेत. सगळं बदलावं लागेल का?

साध्या टू-ट्रॅक, म्हणजे दोन रुळांवर सरकणाऱ्या खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनच्या (चौकटीच्या पट्टीच्या) खाचेत ४ ते ५ एमएमची एकेरी काच बसते. दुहेरी युनिट १८ ते २४ एमएम जाड असतं, ते त्यात जाणार नाही. शिवाय वजन बघा: काच दर एमएम जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. हिशोबातल्या सहा बाय चारच्या खिडकीला ५ एमएम काच २८ किलो, ६ अधिक ६ चं युनिट ६७ किलो. जुन्या चाकांवर ते सरकणार कसं? दुहेरी हवी तर सेक्शन बदला. ते नको असेल तर त्याच पल्ल्यात ५ एमएमची हार्ड कोट सोलर कंट्रोल काच बसवून घ्या. एसएचजीसी ०.४ ते ०.५ मिळाला तरी साध्याच्या जवळजवळ निम्म्यावर येता. खर्च आणि फायदा यांचा मेळ बहुतेक जुन्या फ्लॅटमध्ये इथेच बसतो.

सन फिल्म हा त्याहून स्वस्त मार्ग. चांगली फिल्म काम करते, पण काही वर्षांनी फुगते, जांभळी पडते आणि खरवडून काढावी लागते. आणखी एक धोका आहे. फिल्ममुळे काच जास्त तापते. निम्मी काच उन्हात आणि निम्मी सावलीत असेल तर साधी, म्हणजे टफन्ड (तापवून मजबूत केलेली) नसलेली काच कडेपासून तडकू शकते. आधीच टिंटेड किंवा दुहेरी असलेल्या काचेवर फिल्म चिकटवण्यापूर्वी काच कंपनीला विचारा.

भाड्याच्या घरात राहतो. काच बदलता येणार नाही.

बाहेरून आडोसा करा. आतला पडदा ऊन अडवतो ते काचेतून आत आल्यावर, तोवर उष्णता घरात शिरलेली असते. तोच पडदा काचेच्या बाहेर असता तर कितीतरी जास्त काम करतो. बाल्कनी असेल तर बांबूची चिक लावा. नसेल तर ग्रिलला शेडनेट बांधा. आपल्याकडे रोपवाटिकांना नेट पुरवणारी दुकानं कमी नाहीत. पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीची नेट फुटावर कापून मिळते. काचेपासून वीतभर लांब बांधा म्हणजे मधून हवा फिरते. मार्चमध्ये बांधायची, पहिल्या पावसाला काढून घडी करून ठेवायची. खर्चाच्या मानाने यासारखा उपाय नाही, आणि काच विकणाऱ्या कुणाच्याही तोंडून तो तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. सोसायटीला दर्शनी भागावर हिरवी नेट खपत नसेल तर मात्र चिकेवर भागवा.

स्लायडिंग की उघडणारे पल्ले? ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी?

हा प्रश्न काचेइतकाच मोठा आहे, कारण रात्रीचा गार वारा इथून येतो. टू-ट्रॅक स्लायडिंग खिडकी कितीही सरकवा, निम्मीच उघडते. दाराच्या पल्ल्यासारखी उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण मोकळी होते, आणि बंद केल्यावर रबरी गॅस्केटवर घट्ट बसते, त्यामुळे धूळ आणि आवाजही कमी. पण पल्ला बाहेर उघडायचा तर ग्रिल आत घ्यावं लागतं, आणि मच्छरजाळीची सोय आधी ठरवावी लागते. जाळी नसली की डासांमुळे खिडकी रात्री बंद राहते, मग कसला गारवा आणि कसली काच! थ्री-ट्रॅक घेतला तर त्यातला एक ट्रॅक जाळीला द्या.

चौकटीचं म्हणाल तर ॲल्युमिनियम उष्णता फार झपाट्याने वाहून नेतं, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि लाकूड त्यामानाने नगण्य. तरी चौकटीचा वाटा काचेपेक्षा लहान असतो. चांगल्या पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम आणि सोलर कंट्रोल काच ही जोडी यूपीव्हीसीत साधी काच लावण्यापेक्षा पश्चिमेला जास्त गार राहते. यूपीव्हीसी घ्यायचंच तर आतली स्टीलची मजबुती आणि अतिनील किरणांना टिकणारं प्लास्टिकचं मिश्रण याबद्दल लेखी घ्या. पश्चिमेच्या उन्हात हलक्या प्रतीचं प्रोफाइल पिवळं पडतं.

जुन्या वाड्यात राहत असाल आणि सागाची चौकट ठणठणीत असेल तर ती काढू नका. पॉलिश करा, पल्ल्यातली काच बदला. जाड भिंती, खोल कोनाड्यातली लहान खिडकी आणि मधला चौक, उन्हाची व्यवस्था त्या घरांनी आधीच लावून ठेवली आहे.

गारपिटीत काच टिकेल का? टफन्ड घ्यावी की लॅमिनेटेड?

गारपीट आपल्याला नवी नाही, द्राक्षवाल्यांना विचारा. टफन्ड काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर बोथट बारीक तुकडे होतात. टिंटेड किंवा कोटिंगवाली काच पश्चिमेला लावताना ती टफन्डच हवी, कारण ती तापते. टफन्ड झाल्यावर काच कापता येत नाही, तेव्हा माप चुकलं की ती काच वाया गेली. क्वचित एखादी टफन्ड काच काहीही न लागता आपोआप फुटते. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण त्याला कारणीभूत असतो. उंच मजल्यावर "हीट सोक" केलेली, म्हणजे कारखान्यातच पुन्हा तापवून पारखलेली काच मागितली की हा धोका बराच कमी होतो.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पडदा. फुटली तरी जागेवर चिकटून राहते, म्हणून जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्यांना, लहान मुलं असलेल्या घरात आणि बंगल्याच्या तळमजल्यावर हीच. शिवाय अतिनील किरण ९९ टक्के अडतात, सोफ्याचं आणि पडद्याचं कापड लवकर विटत नाही. सेफ्टी काचेवर आयएस २५५३ चा आयएसआय शिक्का कोपऱ्यात असायला हवा.

दुहेरी काच मुंबईकडून मागवली तर काही अडचण?

हे फारसं कुणी विचारत नाही, पण विचारावं. पोकळीतली हवा जिथे युनिट सील झालं तिथल्या दाबाची असते. समुद्रसपाटीला भरलेलं युनिट कसारा घाट चढून नाशिकला आलं की बाहेरचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी होतो आणि दोन्ही काचा किंचित बाहेर फुगतात. मोठ्या काचेला ते सोसतं, फक्त समोरच्या झाडाचं प्रतिबिंब जरा वाकडं दिसतं. लहान, अरुंद काचा वाकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कडांवर आणि सीलवर ताण जास्त येतो. ऑर्डर देताना "बसवण्याची जागा सहाशे मीटरवर" हे सांगायचं. नाशिकमध्येच भरलेलं युनिट मिळालं तर हा प्रश्नच नाही.

काचेवर दव धरतं. काच खराब आहे का?

कुठे धरतं त्यावर आहे. पावसाळ्यात एसी चालू असताना बाहेरून धरलं तर काही बिघडलेलं नाही. थंडीत आतून धरलं तर खोलीत ओलावा कोंडलाय, खिडकी थोडी उघडा. दोन काचांच्या मध्ये धरलं तर सील गेलं, युनिट बदलावं लागेल. तेव्हा वॉरंटीचा कागद जपून ठेवा.

बिल्डर म्हणतो आमची काच नियमाप्रमाणे आहे. कुठला नियम?

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी ती आहे. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, म्हणजे आरईटीव्ही, आपल्यासारख्या हवेत चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये असं ती सांगते. दर्शनी भिंतीत खिडक्यांचा हिस्सा ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के उजेड यावा, असंही त्यात आहे. बिल्डरला सरळ विचारा, आरईटीव्ही किती आला? हिशोब केलेला असेल तर आकडा लगेच मिळेल.

लो-ई काचेने मोबाइलची रेंज जाते का?

धातूचा थर असल्याने थोडी कमी होते. एक-दोन खिडक्यांना लावली तर जाणवत नाही. चारही बाजूंना लावली आणि टॉवर लांब असेल तर वाय-फायवरून कॉल करावे लागतील.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं?

"लो-ई ग्लास, बेस्ट क्वालिटी" असं मोघम लिहिलेलं कोटेशन परत करा. काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि काचेचा नेमका मॉडेल कोड, जाडी, टफन्ड की लॅमिनेटेड, एसएचजीसी, व्हीएलटी, यू-व्हॅल्यू, थर कितव्या पृष्ठभागावर, दुहेरी असेल तर पोकळी किती एमएम आणि सीलची वॉरंटी किती वर्षं, हे सगळं कागदावर हवं. दर चौरस फुटाचा आहे की संपूर्ण खिडकीचा, आणि जीएसटी धरून की सोडून, हेही विचारा. जुनी काच उतरवणं, मचाण, सिलिकॉन आणि भिंतीची डागडुजी कुणाकडे, यावरून हमखास वाद होतात.

माप मात्र खिडकीच्या कडांचं प्लास्टर आणि सिलचा ग्रॅनाइट बसल्यावरच घ्यायला लावा, आणि उंची-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजून त्यातलं सर्वांत लहान माप धरायला सांगा. नाशिकची असोत की कुठलीही, गिलाव्याच्या कडा सरळ नसतात.